याकोब मास्तर आणि मनुकांचा प्याला

मास्तर गेल्याला वर्ष होत आलं. त्यांच्या मंडळीनं चर्चमध्ये आठवणींची सभा ठेवली होती. बोलणारे बोलले. मास्तर किती शांत, किती सोज्वळ, कधी कुणाला दुखावलं नाही, असं सगळ्यांनी मिळून मास्तरांना पार गुळगुळीत करून टाकलं. मी मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलो होतो. पाळकसाहेबांनी मला लांबूनच हात जोडले, पण माईक काही दिला नाही. म्हणून लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. ज्याला शुद्धलेखन तपासायचंय त्यानं खुशाल तपासावं. माणूस मात्र मी सांगतो तसाच होता, हे अख्ख्या छावणी भागाला माहीत आहे.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. ते शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून रिटायर झालेले, मी टँकरवाला. आम्ही मूळचे खुलताबादकडचे मेंढरंवाले. बापाच्या माघारी मेंढरं गेली, मी स्टेअरिंग धरलं. या शहरात नळाला पाणी कधी येईल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, त्यामुळं टँकरवाल्याला मान कमी नाही. मास्तरही मला मान द्यायचे, पण भांडून.

उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, मे महिन्यातसुद्धा. एक सायकल होती. तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. हातात धरून चालायचे.

"मास्तर, बसत का नाय हिच्यावर?"

"बसलो की माणसं मागं पडतात. बोलणं अर्धं राहतं."

आणि माणूस भेटला की नुसता सलाम करून सोडायचे नाहीत, गळ्यात पडायचे. नवीन माणसाला वाटायचं, काय माया आहे! माया होतीच. पण त्यांचं नाक त्या वेळी समोरच्याच्या तोंडाजवळ असायचं. दारूचा त्यांना भारी राग. शनिवारी संध्याकाळी तर गळाभेट जरा जास्तच लांबायची. गल्लीतली पिणारी मंडळी त्यांच्या घरासमोरून जाताना तोंडात मूठभर बडीशेप कोंबायची. त्यावरही मास्तर तयार. "शनिवारी एवढी बडीशेप खातो म्हणजे पाणी मुरतंय," असं म्हणून पाठीवर थाप मारायचे.

मी शनिवारी एक क्वार्टर घेतो. आजही घेतो. यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही आणि सोडण्यासारखंही वाटत नाही. त्यामुळं आमची जुंपायची.

पहिल्यांदा जुंपली ती एका लग्नाच्या हॉलवर पाणी टाकून मी घरी आलो तेव्हा. मला कुणीतरी सांगितलं होतं की येशूनं गालीलातल्या काना नावाच्या गावी एका लग्नात पाण्याची दारू केली. मी मास्तरांना अंगणात गाठलं.

"मास्तर, मी रोज लग्नात पाणी टाकतो. तुमचा देव एकदा तरी माझ्या टँकरला हात लावंल का?"

मास्तर चिडले नाहीत. सायकल भिंतीला टेकवली. "तो ताजा, गोड रस होता. नशेचा नव्हता."

"मग तो जेवणाचा कारभारी नवरदेवाला का म्हणला, की लोक चांगली आधी वाढतात आणि पाहुणे झिंगल्यावर हलकी काढतात, तू उलटं केलंस? रसानं कोण झिंगतंय?"

हे मला बँडवाल्यांनी शिकवलं होतं. मास्तरांनी सायकल पुन्हा हातात घेतली. "वाचून सांगतो," म्हणाले आणि आत गेले.

माणूस असा की खरंच वाचायचा. आठ-पंधरा दिवसांनी उत्तर यायचं, आणि दर वेळी नवीन. एकदा म्हणाले, त्या काळी द्राक्षारसात पाणी घालून पीत, तुमच्यासारखा बिनपाण्याचा नाही. एकदा म्हणाले, तिथलं पाणीच प्यायला वाईट, म्हणून घ्यायचे. मी हसलो की त्यांना कळायचं, की हेही मला पटलेलं नाही, आणि त्याहून जास्त त्यांना स्वतःला पटलेलं नाही. शेवटी एका सकाळी मी टँकरचा पाइप गुंडाळत होतो, तेव्हा येऊन उभे राहिले.

"मुद्दा दारूचा नाहीच," म्हणाले. "आपण दोघंही चुकीच्या भांड्यात बघत होतो. चमत्कार म्हणजे जादू नव्हे, खूण असते. खूण कुणाला दिसली ते बघायचं. तिथं दगडाचे सहा मोठे रांजण होते. ते काठोकाठ भरले कुणी?"

"येशूनं?"

"नाही. नोकरांनी. विहिरीवरून पाणी वाहून. आणि रस कुठून आला ते कारभाऱ्याला कळलं नाही, नवरदेवाला कळलं नाही, पाहुण्यांना तर नाहीच. ज्यांनी पाणी भरलं होतं, त्यांनाच ठाऊक होतं. तसं स्पष्ट लिहिलंय."

एवढं बोलून त्यांनी माझ्या टँकरकडं बघितलं आणि गेले. मी जन्मात कुणापुढं हार मानली नाही, त्या दिवशीही मानली नाही. पण पाइप गुंडाळायचा राहिला, एवढं खरं.

हरल्यावर कबूल करायचं, हे मात्र त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. मंडळीत नवीन पाळक आले होते, तरणेबांड, मोठ्या शहरात शिकून आलेले. त्यांनी उपदेशात सांगितलं की पाच भाकरी आणि दोन मासे हजारोंना पुरले त्याचा अर्थ असाही लावतात की एकानं आपलं जेवण पुढं केलं, ते बघून सगळ्यांनी लपवलेल्या शिदोऱ्या बाहेर काढल्या. मास्तरांनी दारातच पाळकांना अडवलं. "साहेब, मग ती डबापार्टी झाली. चमत्कार कशाला म्हणायचं?" पाळक लाल झाले. आठवडाभर मास्तर बेचैन. आमच्या गल्लीत टँकर आल्यावर हंडे कसे आपटतात, कोण कुणाचा हंडा मागं सारतं, ते बघत उंबऱ्यावर बसून राहायचे. पुढच्या रविवारी भर मंडळीत उठून म्हणाले, "पाळकसाहेब, अर्थ मला अजून पटलेला नाही. पण माणसानं लपवलेलं बाहेर काढलं तर तोही चमत्कारच, हे मला आमच्या गल्लीत बसून कळलं. माझं बोलणं मी मागं घेतो." पाळक पुन्हा लाल झाले.

मेंढरांबद्दल मात्र ते मला विचारून चालायचे. एकदा त्यांनी गोष्ट सांगितली. शंभर मेंढरांतलं एक हरवलं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला.

"आमच्यात कुणी असं केलं असतं," मी म्हटलं, "तर बापानं जोड्यानं हाणला असता. नव्व्याण्णव रानात सोडून? लांडगा काय उपाशी बसलाय का?"

मास्तर एवढे खूश झाले की माझा हातच धरला. "व्हय ना? वेडेपणाच ना?" मराठी शिकवणारा माणूस, पण आनंद झाला की असा आमच्या बोलीवर यायचा. "मी इतकी वर्षं ही गोष्ट शिकवली, कुणीच मला हे म्हणालं नाही. येशूनं वेड्या मेंढपाळाचीच गोष्ट सांगितली आहे. बाप असाच वेडा असतो."

मी विषय टँकरवर नेला. कारण मास्तरांचं हरवलेलं मेंढरू तेव्हा बाजारातल्या गुत्त्याच्या ओट्यावर बसलेलं मी येताना बघितलं होतं.

त्याचं नाव तिमथी. मास्तरांचा एकुलता एक मुलगा. बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, आणि काय वाजवायचा! नवरदेवाची घोडीसुद्धा मान डोलवायची. पण वरातीत बँडवाल्याच्या हातात आधी बाटली येते, बिदागी मागून. पोरगं बुडत गेलं. बायको माहेरी गेली. तोंडाचा हजरजबाबीपणा मात्र बापाचाच होता. मास्तर रागावले की म्हणायचा, "पप्पा, तुम्हीच हे नाव ठेवलंत. बायबलात पौलानं तिमथीला पत्रात लिहिलंय, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा म्हणून. माझ्या नावावर परवाना आहे."

"त्या तिमथीचं पोट बिघडलं होतं," मास्तर म्हणायचे. "तुझं डोकं बिघडलंय."

हसायचो आम्ही सगळे भिंतीच्या अलीकडून. मास्तर नाही हसायचे.

मी एकदा सरळ विचारलं, "मास्तर, खरं सांगा. तुमच्या शास्त्रात दारू पिऊच नका असं लिवलंय का?"

"नाही," ते म्हणाले. दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता. "नशेत बुडू नका असं लिहिलंय. नोहासारखा मोठा माणूस पिऊन तंबूत उघडा पडला, तेही लिहिलंय. आणि द्राक्षारसानं माणसाचं मन आनंदतं, हेही त्याच शास्त्रात लिहिलंय. मी ते फाडून टाकू शकत नाही."

"मग तुम्ही थेंबभर का घेत नाय?"

"आपल्या घेण्यानं भाऊ अडखळत असेल तर न घेतलेलं बरं, असंही लिहिलंय. माझा अडखळणारा माझ्याच घरात झोपतो."

पुढं तिमथीनं खरंच सोडली. बँडही सोडला. उस्मानपुऱ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला. सगळं नीट चाललं असताना एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. त्यांच्यात भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट घेतात. तेव्हा प्याल्यात बाहेरून आणलेल्या बाटलीतली खरी वाइन असायची. तिमथीनं गुडघे टेकून एक घोट घेतला. चर्चमधून निघाला तो घरी आलाच नाही. मी आणि मास्तरांनी त्याला टँकरच्या केबिनमध्ये घालून आणला, तेव्हा त्याला बापाची ओळख लागत नव्हती.

नंतर तो सावरला. पण प्याल्याला हात लावेना. सगळे पुढं जायचे, हा बाकावर खाली मान घालून. मास्तर पाळकांकडं गेले. वाद झाला म्हणतात. पाळक म्हणाले, काना गावात खरी होती, वरच्या माडीवरच्या येशूच्या शेवटच्या जेवणात खरी होती, मग आपण कोण बदलणारे? मास्तर म्हणाले, "साहेब, प्याल्यात काय आहे याच्या आधी प्याल्यापाशी कोण येऊ शकत नाही ते बघा." तेव्हापासून प्याला भरायचं काम मास्तरांकडं आलं.

काळ्या मनुका आणायचे, धुऊन भिजत घालायचे, कुस्करून उकळायचे, मलमलीतून गाळून थंड करायचे. मराठी ख्रिस्ती घरांत ही जुनी रीत आहे, त्यांनी काही शोध लावला नव्हता. अडचण वेगळीच होती. एका शनिवारी दुपारी मास्तर वाटी आणि चमचा घेऊन माझ्या दारात उभे.

"जरा चाखा."

"काय हे?"

"उद्याचा प्याला. उन्हाळा आहे. आंबला असेल तर मला कसं कळणार? मी जन्मात चाखलेली नाही. वास माणसाच्या तोंडचा मला कळतो, मनुकांच्या तोंडचा नाही कळत."

"मग तुमच्या मंडळीत विचारा की."

"आमच्या मंडळीत दारूची चव माहीत असलेलं एकही माणूस नाही."

"एकही?"

"कबूल करणारं एकही नाही."

मी चमचा तोंडात घेतला, जिभेवर खेळवला, टाळ्याला लावला. गोड, नुसता गोड. "नाय चढत," मी म्हटलं.

मास्तरांचा चेहरा उजळला. "आजपासून तुम्ही कारभारी," म्हणाले. काना गावात रस चाखणारा तो जेवणाचा कारभारी होता ना, त्याची जागा मला दिली. आमची बायको आतून म्हणाली, "घ्या! पिण्याचाबी हुद्दा मिळाला." पण मी ती नोकरी इमानानं केली. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मास्तर यायचे, मी चाखायचो, आणि चाखून होईपर्यंत माझी क्वार्टर बंद. जीभ साफ पाहिजे.

असं होऊनही तिमथी प्याल्याला शिवत नव्हता. भीती बसली होती. मग एका उन्हाळ्यात, ईस्टरच्या आधी, तो मास्तरांना म्हणाला, "पप्पा, या ईस्टरला मी येतो पुढं." बस, एवढंच. मास्तरांनी ही गोष्ट मला भिंतीवरून वाकून सांगितली.

आनंदात माणूस चुका करतो. मास्तरांनी दुप्पट मनुका आणल्या. नळ पुढं येईल की नाही भरवसा नाही, म्हणून साठवलेल्या पाण्यात रस लवकरच करून ठेवला. फ्रिजमध्ये मावेना, म्हणून मागच्या उन्हाळ्याच्या माठात ओतला, वर ओलं फडकं. माठात पाणी गार राहतं, रसही राहील, असा भूगोलाच्या मास्तरांचा हिशोब. शनिवारी दुपार कलताना मला हाक आली. "कारभारी!"

मी त्यांच्या घरात गेलो. चमचा तोंडात घेतला. जिभेला बारीक टोचलं. घशात ऊब उतरली. मी दुसरा चमचा घेतला, खात्री करायला.

"कसं आहे?"

"मास्तर," मी म्हटलं, "काना झालं."

त्यांना आधी कळेना. मग खुर्चीत बसले. माठाकडं असे बघत होते की जणू त्यानं तोंडावर शिवी दिली. "सत्तर वर्षं मी हिच्याशी भांडलो," म्हणाले, "आणि माझ्याच हातानं केली."

"चांगली झालीय पण," मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण खोटं कसं बोलू?

"कशी लागते?" त्यांनी हळूच विचारलं. आणि खरं सांगतो, मास्तरांनी फडकं बाजूला सारून बोट माठात बुडवलं. ओलं बोट वर आलं. तेवढ्यात दारात तिमथी उभा.

बोट तसंच हवेत. तिमथीनं एकदाच श्वास घेतला. त्याला चमचा लागला नाही. "पप्पा, हे उतरलंय," तो म्हणाला.

मास्तरांनी बोट शर्टाला पुसलं. शर्टावर काळा डाग. आम्ही तिघं आणि मधे माठ. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी उठून माठ उचलणार होतो, पण मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबून ठेवला.

तिमथी पुढं आला. माठावर वाकला. किती वेळ वाकून होता ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या कपाळावर घाम आला. मग त्यानं दोन्ही हातांनी माठ छातीशी उचलला, तोंड एका बाजूला वळवलं, जसं लहान लेकरू औषध बघून वळवतं, आणि बाहेर नेला. गटारावर ओतला. माठ तिथंच आपटून फोडला. परत येऊन म्हणाला, "काका, टँकर भरलाय का?"

"रिकामा आहे."

"चला मग. पाणी लागंल."

आम्ही पडेगावकडच्या विहिरीवर गेलो. पाइप त्यानंच धरला. टाकीतून पाणी वरून सांडेपर्यंत मोटार बंद करू दिली नाही. "काठोकाठ लिहिलंय, काका," म्हणाला आणि कितीतरी महिन्यांनी हसला. मास्तर तोवर बाजारात मनुका घ्यायला गेले होते. ईद नुकतीच झालेली, मेव्याच्या दुकानात माल होता. दुकानदार चाचांनी विचारलं, "क्या मास्टर, इत्ती किशमिश? शादी है क्या घर में?"

"हौ," मास्तर म्हणाले, "वैसाच कुछ समझो."

दिवेलागणीला रस नवीन झाला, स्टीलच्या डब्यात, फ्रिजमधली बाकी सगळी भांडी बाहेर काढून. मी चाखला. "नाय चढत."

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या दारात उभा होतो. आत जायला मला कुणी मनाई केली नव्हती, पण मी माझ्या मनानंच बाहेर उभा होतो. तिमथी पुढं गेला, गुडघे टेकले. पाळकांनी प्याला दिला. त्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले. मास्तर पहिल्या बाकावर होते. शर्ट तोच, काळा डाग तसाच. त्यांनी देवाकडं बघितलं नाही, पोराकडंही बघितलं नाही, मान वळवून दारात माझ्याकडं बघितलं. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "आजवर रस एवढा चांगला झाला नव्हता. काय घातलं असंल?" पाणी कुणी भरलं ते मला ठाऊक होतं.

त्यानंतर मास्तर फार दिवस चालते-फिरते राहिले नाहीत. छातीचं दुखणं. सायकल अंगणात उभी असायची आणि ते आत खाटेवर. प्याला आता तिमथी करायचा. शेवटच्या वेळी मी त्यांना पाहिलं तो असाच प्रभुभोजनाआधीचा शनिवार होता. तिमथीनं वाटी-चमचा आणून मला मास्तरांच्या खाटेजवळच बसवलं. मी चमचा तोंडात घेतला. मास्तर उशीवरून बघत होते. मला खोडी सुचली. कपाळाला आठ्या घातल्या, जीभ टाळ्याला लावली, छताकडं बघितलं, पुन्हा एक चमचा घेतला. मास्तरांनी उशीवरून मान उचलली. शिरा ताणल्या होत्या.

"कारभारी?"

"नाय चढत," मी म्हटलं.

मान परत उशीवर पडली. हसत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी हातानं खूण केली, जवळ या. मी वाकलो. त्यांनी दोन्ही काटकुळे हात माझ्या गळ्यात टाकले आणि घट्ट धरलं. आयुष्यभर भांडलेला माणूस जाताना असा गळ्यात पडतो, असं काहीबाही मनात येत होतं. सोडता सोडेनात.

मग माझ्या कानाशी त्यांचा बारीक आवाज आला. "चाखायच्या आधीच घेतली. आणि एवढी बडीशेप?"